‘रूट्स’ आणि कागदांची साक्ष

अॅलेक्स हेली यांचा ‘रूट्स’ हा ग्रंथ १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षी त्यास पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. गॅम्बियातील जुफुरे गावचा कुंता किंते १७६७ साली अॅनापोलिस बंदरात गुलाम म्हणून उतरविला जातो, आणि त्याच्या सातव्या पिढीत ग्रंथकार जन्मास येतो, ही त्याची कथा. ही वंशपरंपरा कागदोपत्री ताडून पाहिली आहे, असे हेली यांचे म्हणणे होते. निव्वळ कादंबरी म्हणून त्यांनी ती पुढे ठेवली असती, तर आम्ही तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले असते.

१९८१ साली गॅरी मिल्स व एलिझाबेथ शोन मिल्स यांनी व्हर्जिनियातील मूळ दप्तरे तपासली. हेली ज्या टोबीस कुंता समजतात, तो टोबी कुंताचे जहाज येण्यापूर्वीच वॉलर घराण्याच्या कागदांत हजर आहे! राजवाड्यांच्या नंतर केवळ बखरीच्या आधारे कोणी इतिहास रचू लागल्यास आपण त्यास मूळ पत्रे मागतो. हेली यांनाही तीच कसोटी लावणे न्याय्य होय.

परंतु कागद म्हणजे निर्विकार साक्षीदार नव्हे. १८५० व १८६० च्या खानेसुमारीत गुलामांच्या याद्या वेगळ्या आहेत. त्यांत नाव मालकाचे. गुलामाचे केवळ वय, लिंग व वर्ण. मुक्त झालेली माणसे नावानिशी प्रथम भेटतात ती १८७० च्या खानेसुमारीत. त्यामागे जाऊ इच्छिणाऱ्या वंशजास आधी मालकाचे कुळ शोधावे लागते, मग त्याची मृत्युपत्रे, खरेदीखते आणि मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. त्या याद्यांत एखादी आजी गुराढोरांच्या शेजारच्या ओळीत, किमतीसह सापडते.

आफ्रिकी आणि मूळ रहिवासी ही दोन कुळे जेथे एकत्र आली, तेथे गुंता अधिकच. चेरोकी आदी पाच राष्ट्रांतही गुलाम बाळगले जात. १८९३ साली नेमलेल्या डॉज आयोगाने त्यांच्या सभासदांची नोंद करताना ‘रक्ताने’ सभासद आणि ‘मुक्त’ अशा दोन याद्या केल्या. बाप चेरोकी व आई आफ्रिकी वंशाची, अशा कित्येकांस कारकुनाने दुसऱ्या यादीत टाकले. तेथे चेरोकी रक्ताचे प्रमाण लिहिण्याची सोयच नव्हती. १८६६ च्या तहाने मुक्तांस दिलेला नागरिकत्वाचा हक्क संघीय न्यायालयास २०१७ साली पुन्हा सांगावा लागला. चेरोकी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या संविधानातून ‘रक्ताने’ हे शब्द काढले ते २०२१ साली.

म्हणून हेली यांच्या कल्पनाशक्तीस आम्ही दोष देत नाही. कागदांतील मौन त्यांना सोसवले नाही, ही आमची तक्रार आहे. ज्या ठिकाणी दप्तर मुके आहे तेथे त्यांनी जहाजाचे नाव व तारीख लिहिली, आणि वाचकाने तिला पुरावा मानावे अशी अपेक्षा धरली. याउलट ग्रंथाच्या अखेरीस एक साधा प्रसंग आहे: उत्तर कॅरोलिनातील अलामान्स परगण्याची १८७० ची खानेसुमारी चाळता चाळता लोहार टॉम मरे याचे कुटुंब हेली यांच्या दृष्टीस पडते. लहानपणी ओसरीवर आजीच्या तोंडून ऐकलेली नावे तेथे सरकारी अक्षरांत उतरलेली आहेत. जुफुरेच्या साऱ्या वर्णनापेक्षा हे पान आम्हांस अधिक मोलाचे वाटते.