अताउल्ला : एका ‘प्रांतिक’ वास्तुकाराचे मूल्यमापन

प्रस्तावना

बीबी का मकबऱ्याविषयीचे लेखन बहुधा ताजमहालापासून सुरू होते आणि ताजमहालापाशीच येऊन थांबते. ‘दक्षिणेचा ताज’, ‘गरिबाचा ताज’, ‘ताजची नक्कल’ ही विशेषणे पर्यटन पुस्तिकांतून शैक्षणिक सहलींच्या अहवालांत आणि तेथून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत जशीच्या तशी उतरतात. या विशेषणांच्या गर्दीत ही वास्तू घडविणाऱ्याचे नाव मात्र हरवते. मराठवाड्यातील बहुसंख्य प्राचीन व मध्ययुगीन वास्तूंचे कर्ते अज्ञात आहेत. मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात मात्र वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय अशी दोन नावे स्पष्टपणे नोंदविलेली आहेत. नाव उपलब्ध असूनही त्या नावाच्या व्यक्तीचा विचार होत नाही, याचे कारण ‘नक्कल’ हा निर्णय आधीच दिला गेलेला असतो. नक्कल करणाऱ्याचे चरित्र कोणी शोधत नाही. प्रस्तुत लेखात अताउल्लाची जडणघडण, त्याच्यापुढील अटी आणि त्याने घेतलेले निर्णय यांच्या आधारे या निर्णयाची तपासणी केली आहे.

घराणे आणि विद्या

अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र होय. उस्ताद अहमदला ‘नादिर-उल-अस्र’ ही पदवी होती आणि त्याचा मृत्यू १६४९ मध्ये झाला. ताजमहाल व दिल्लीचा लाल किल्ला यांच्या रचनेचे श्रेय त्याला देणारा प्रमुख आधार म्हणजे त्याचा दुसरा पुत्र लुत्फुल्ला याची फारसी काव्यरचना. लुत्फुल्ला स्वतःला ‘मुहंदिस’, म्हणजे भूमितीज्ञ-अभियंता, म्हणवीत असे. मांडू येथील होशंगशहाच्या कबरीवर १६५९ चा एक लेख आहे. शाहजहानच्या दरबारातील चार स्थापत्यज्ञांनी त्या वास्तूला भेट दिल्याची नोंद त्यात असून लुत्फुल्लाबरोबर जादू राय व शिवराम ही नावेही येतात. जुन्या वास्तू डोळसपणे पाहणे आणि भिन्नधर्मीय सहकाऱ्यांसह काम करणे ही त्या व्यवसायाची रीत होती, हे त्यावरून दिसते. मकबऱ्यावरील अताउल्ला आणि हंसपत राय ही जोडी त्याच रीतीत बसणारी आहे.

या घराण्यात बांधकाम आणि गणित या दोन वेगळ्या विद्या नव्हत्या. अताउल्लाने १६३४-३५ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाचा फारसी अनुवाद केला व तो शाहजहानला अर्पण केला. ताजमहालाचे काम त्याच्या केवळ दोन-तीन वर्षे आधी, १६३२ मध्ये, सुरू झाले होते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ची रचना ११५० ची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली होती. अताउल्लाच्या अनुवादाने त्याच परंपरेचा पुढचा आणि अधिक अवघड टप्पा गाठला. एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये इंग्रजीत आणलेले ‘बीजगणित’ या फारसी अनुवादावरूनच सिद्ध झाले. कोलब्रुकचे संस्कृतावरून केलेले भाषांतर त्यानंतर, १८१७ मध्ये, प्रसिद्ध झाले. म्हणजे भारतीय बीजगणिताचा इंग्रजी वाचकांशी जो आरंभीचा परिचय झाला, त्याच्या मुळाशी मकबऱ्याच्या वास्तुकाराची लेखणी होती. ‘नक्कलकार’ हे विशेषण वापरणाऱ्या लेखनात या गोष्टीचा उल्लेख क्वचितच आढळतो.

कालनिर्णयाचा प्रश्न

मकबऱ्याचा काळ १६५१ ते १६६१ असा देण्याची आणि त्याचे निर्मातृत्व शहजादा आजमशहाकडे देण्याची प्रथा आहे. ही दोन्ही विधाने ज्ञात तारखांशी जुळत नाहीत. ज्या दिलरस बानूसाठी ही कबर बांधली गेली, तिचा मृत्यू ऑक्टोबर १६५७ मध्ये झाला. तिच्या मृत्यूनंतर उभारलेल्या कबरीचा आरंभ सहा वर्षे आधी होणे शक्य नाही. आजमशहाचा जन्म जून १६५३ चा. आईच्या मृत्यूच्या वेळी तो चार वर्षांचा, तर १६६१ मध्ये आठ वर्षांचा होता. त्याने पुढे या वास्तूची डागडुजी केली असणे संभवते. परंतु वास्तू उभारण्याचा मूळ आदेश औरंगजेबाचाच असला पाहिजे.

हा केवळ तारखांचा वाद नाही. बांधकामाचा काळ १६५७-५८ नंतरचा धरला की अताउल्लापुढील परिस्थिती स्पष्ट होते. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला. १६५८ च्या आरंभी औरंगजेब वारसायुद्धासाठी दख्खन सोडून उत्तरेकडे निघाला, त्याच वर्षी त्याने सत्ता हस्तगत केली आणि १६५९ मध्ये दाराचा वध झाला. ताजमहालाच्या मागे स्थिर गादीवरचा, वास्तुकलेत रमणारा सम्राट आणि राजधानीचा खजिना होता. मकबऱ्याच्या मागे युद्धात गुंतलेला आणि काही काळ गादीही निश्चित नसलेला धनी होता. ‘तारीखनामा’ या ग्रंथात मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे दिला आहे. अब्दुल हमीद लाहोरीने ताजमहालासाठी दिलेला आकडा ५० लाखांचा, म्हणजे सुमारे साडेसातपट आहे. या दोन वास्तूंची तुलना करताना ही विषमता प्रथम मांडली जावी आणि सौंदर्याचा निवाडा त्यानंतर व्हावा.

वास्तूतील निर्णय

या अटींत अताउल्लाने घेतलेले तीन निर्णय विशेष लक्षणीय आहेत.

पहिला निर्णय जागेविषयीचा. ताजमहाल हा चारबागेच्या मध्यभागी नसून तिच्या उत्तर टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. मकबरा मात्र सुमारे ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद अशा आवाराच्या मध्यभागी उभा आहे. ही मांडणी दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीची, म्हणजे ताजमहालाच्या आधीच्या मुघल परंपरेची आहे. केवळ वडिलांच्या कृतीची प्रतिकृती करावयाची असती, तर आराखड्याचा पायाच बदलण्याचे कारण नव्हते.

दुसरा निर्णय साहित्याचा. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या पाहिल्या. त्यांतील सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. संगमरवर दख्खनमध्ये आणणे किती खर्चाचे होते, हे त्या वर्णनावरून कळते. अताउल्लाने तो मोजूनमापून वापरला. भिंतींच्या खालच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर, मधल्या संपूर्ण भागात दख्खनचा काळा बेसाल्ट, त्यावर घोटून चकचकीत केलेला चुन्याचा गिलावा आणि त्यात उठविलेली नक्षी अशी ही योजना आहे. जेथे प्रेक्षकाचा हात पोहोचतो आणि जेथे दुरून नजर ठरते, नेमक्या त्या दोन ठिकाणी मौल्यवान दगड आहे. येथे दारिद्र्याहून हिशेब अधिक दिसतो आणि समीकरणे सोडविणाऱ्या माणसाला तो शोभणाराही आहे.

तिसरा निर्णय कबरीच्या दर्शनाचा. ताजमहालात वरच्या दालनात प्रतीकात्मक कबरी असून खऱ्या कबरी तळघरात आहेत. मकबऱ्यात कबर जमिनीच्या पातळीखाली, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत आहे. वरच्या दालनाच्या मधोमध अष्टकोनी मोकळी जागा ठेवली असून तिच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहिले की प्रत्यक्ष कबरच दिसते. दर्शनार्थीची मान येथे आपोआप खाली झुकते. हा अनुभव ताजमहालाकडून उसना घेतलेला नाही.

मर्यादा

याचा अर्थ मकबरा ताजमहालाच्या तोडीचा आहे असा नव्हे. मुख्य इमारतीच्या मानाने चार कोपऱ्यांचे मिनार जड आणि जवळ वाटतात. दर्शनी भागाची उंची रुंदीवर मात करते व त्यामुळे ताजमहालातील विश्रांत समतोल येथे जाणवत नाही. गिलाव्यावरील नक्षी पाषाणातील जडावकामाचे काम पूर्णतः करू शकत नाही आणि तिची झीजही लवकर होते. मात्र सर्वच दोष अताउल्लाच्या माथी मारता येत नाहीत. पश्चिमेकडील मशीद नंतर हैदराबादच्या निजामाच्या काळात उभी राहिली आणि त्या बाजूचे प्रवेशद्वार बंद झाले. मूळ रचनेची सममिती तेथे भंगली आहे. शिवाय उंचीकडे झुकणारे प्रमाण हे औरंगजेबकालीन वास्तुकलेचे एक व्यापक लक्षण आहे. ते केवळ एका वास्तुकाराच्या हातून घडलेले स्खलन म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

अताउल्लाच्या मूल्यमापनात झालेली चूक ही पद्धतीची चूक आहे. राजधानीतील कृती हे मूळ आणि प्रांतातील कृती ही प्रत, असे गृहीत धरले की प्रांतातील वास्तुकाराने काय ठरविले हा प्रश्नच उरत नाही. मराठवाड्यात या पद्धतीचे दुसरे रूपही आढळते. नांदेड जिल्ह्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांसारख्या वास्तूंनाही सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. यादवांचा मंत्री हेमाद्री हा तेराव्या शतकातील, तर ही मंदिरे त्याच्या आधीची आहेत. एका ठिकाणी नसलेले नाव चिकटविले जाते, तर दुसऱ्या ठिकाणी कोरलेले नाव वाचले जात नाही. दोन्हींचा परिणाम एकच होतो. येथील कारागिराची बुद्धी अभ्यासाचा विषय होत नाही.

यास्तव इतिहास, गणित आणि मराठी या तिन्ही विभागांनी अताउल्लाकडे एकत्रितपणे पाहणे उपयुक्त ठरेल. छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ताजमहालाचे साम्य शोधण्यापूर्वी प्रवेशद्वारावरील लेख पाहावा, संगमरवर कोठे थांबतो व गिलावा कोठे सुरू होतो याची नोंद घ्यावी आणि आवाराचा नकाशा हुमायूनच्या कबरीच्या नकाशाशी ताडून पाहावा. एवढे निरीक्षण झाले, तर ‘नक्कल’ या शब्दाची जागा वाद घालण्याजोग्या एखाद्या विधानाला मिळेल. भास्कराचार्यांचे बीजगणित फारसीत आणणाऱ्या आणि दख्खनच्या काळ्या दगडाला पांढरा घुमट पेलायला लावणाऱ्या वास्तुकाराचे किमान इतके देणे अभ्यासकांकडे आहे.