चिमणी पडली, पुढे काय झाले?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या आठवड्यात शाळाशाळांतून सालिम अलींची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. एका लहान मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि भारताला एक थोर पक्षितज्ज्ञ मिळाला.

गोष्ट खरी आहे. पण एवढ्यावरच ती संपवली, तर मुलांच्या मनात विज्ञानाविषयी एक चुकीचे चित्र उभे राहते. एका क्षणात माणसाला आपली वाट सापडते आणि मग तो त्या वाटेने सरळ चालत राहतो, असे ते चित्र. सालिम अलींनी स्वतः लिहिलेले आत्मचरित्र, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, १९८५ साली प्रसिद्ध झाले. ते नीट वाचले तर काय दिसते, आणि त्या पुस्तकाकडूनही आपण कोणत्या गोष्टी पारखून घ्यायला हव्यात, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत. शास्त्रज्ञांची चरित्रे वर्गात वापरणाऱ्या शिक्षकांना या विचाराचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

पिवळ्या गळ्याच्या आधीच्या आठ चिमण्या

प्रथम एक गैरसमज दूर करू. गोष्ट सांगताना आपण नकळत तिच्यात करुणा मिसळतो. मेलेली चिमणी पाहून मुलाचे मन द्रवले, असे सांगतो. पुस्तकात तसे काही नाही. हा मुलगा शिकारीची हौस असलेल्या घरात वाढला होता. पिवळ्या गळ्याची ही चिमणी खायला चालते की नाही, ही त्याची पहिली शंका होती. शिकारीची आपली आवड सालिम अलींनी उतारवयातही लपवलेली नाही. हा प्रामाणिकपणा त्या पुस्तकाचा फार मोठा गुण आहे.

याहून महत्त्वाची आहे ती त्यापूर्वीची, १९०६-०७ च्या सुमाराची एक नोंद. सालिम अलींनी ती पुस्तकात दिली आहे. खेतवाडीतल्या घराच्या तबेल्यात भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली असे आणि नर बाहेर खिळ्यावर राखण करी. मुलाने गाडीच्या आड लपून नराला मारले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला. तोही मुलाने मारला, तर तिसरा आला. आठवड्याभरात एकाच जागी एकामागून एक असे आठ नर त्याने मारले आणि हे सारे लिहून ठेवले.

आज ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यायलाही हवा. पण तिच्यातला प्रश्न मात्र अस्सल आहे. मारलेल्या नराच्या जागी इतक्या झटपट दुसरा येतो कोठून? याचा अर्थ, घरटे न मिळालेले, जोडीदार नसलेले नर आसपास असतात आणि जागा रिकामी होताच ती भरून काढतात. पुढे १९४९ साली अमेरिकेतील मेन राज्यात सुमारे ४० एकर जंगलात संशोधकांनी गाणारे नर पक्षी मारून काढण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला तेथे जितके नर होते, त्याच्या दुपटीहून अधिक नर मारले गेले, तरी नवे येतच राहिले. पक्ष्यांच्या संख्येच्या अभ्यासात या प्रयोगाचा दाखला पुढे कितीतरी वर्षे दिला गेला. तबेल्यातल्या मुलाला यातले काही माहीत असणे शक्य नव्हते. त्याने फक्त पाहिले, मोजले आणि लिहिले. म्हणून आमच्या मते या चरित्राची खरी सुरुवात पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून होत नाही, ती या नोंदीपासून होते.

गाळलेली बावीस वर्षे

सोसायटीला दिलेली भेट १९०८ सालची. सालिम अलींचे स्वतंत्र म्हणता येईल असे पहिले मोठे संशोधन १९३० च्या सुमाराचे. मधली बावीस वर्षे आपण गोष्टीतून गाळून टाकतो. पुस्तकात ती आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत.

१९१४ साली ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तेथे नातेवाइकांचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा धंदा होता. मध्यंतरी १९१७ साली मुंबईला परतून त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले आणि त्याच वेळी सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, आणि शेवटी धंद्यात अपयश. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पक्षिशास्त्रातली सरकारी जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले तेव्हा पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली होती. वय तेहतीस आणि हाताला काम नाही.

मग मुंबईतला खर्च परवडेना म्हणून ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. एका पावसाळ्यात त्यांनी ती तासन्‌तास न्याहाळली. सुगरणीची अर्धवट सोडलेली घरटी कोणाची, हे कोडे तोपर्यंत नीट सुटलेले नव्हते. नराने आरामासाठी बांधलेली ती जास्तीची घरटी, असे मानले जाई. सालिम अलींना दिसले ते असे: नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर तेथे राहते. मग नर उरलेले घरटे आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो आणि लगेच दुसरे घरटे विणायला घेतो. तेही एखाद्या मादीला पसंत पडले, तर तिच्यासाठी पुरे करतो. ज्यांना कोणी पसंत केले नाही, ती अर्धवट राहतात. हा लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

एका माणसाला नोकरी नव्हती आणि समोर झाड होते. पण वीस वर्षांची नोंदी ठेवण्याची सवय आणि बर्लिनला मिळालेली शिस्त पाठीशी नसती, तर त्या झाडावर त्याला नुसती घरटी दिसली असती. विद्यार्थ्यांना सांगायची गोष्ट ही आहे. अपयशाने माणूस थोर होतो, असे आम्ही म्हणणार नाही. अपयशाने पुष्कळ माणसे नुसती मोडतात. तयारी असलेल्या माणसाच्या हाती मोकळा वेळ आला, एवढाच याचा अर्थ.

एकट्याचा प्रवास?

अशा पुस्तकांना आपण ‘वैयक्तिक प्रवास’ म्हणतो. हा शब्द थोडा फसवा आहे. सोसायटीत त्या मुलाचे स्वागत करणारे डब्ल्यू. एस. मिलार्ड व्यवसायाने मद्याचे व्यापारी होते आणि सोसायटीचे काम विनावेतन पाहत. त्यांनी पक्षी ओळखून दिला आणि तेवढ्यावर न थांबता कपाटांचे खण उघडून भारतातल्या चिमण्यांचे नमुने दाखवले, पुस्तके दिली, पक्ष्याचे कातडे कसे काढायचे आणि नोंद कशी करायची हे शिकण्याची सोय केली. मिलार्ड यांच्याकडे तो मुलगा आला नसता, तर काय झाले असते? आणि तशी संस्था शहरात नसती तर? सोसायटीची स्थापना १८८३ सालची. पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांनी पाहणीचा खर्च उचलला, म्हणून पक्ष्यांची सर्वेक्षणे झाली. किहीमचे आणि जंगलातल्या तळांवरचे जगणे तेहमिना यांनी आनंदाने पत्करले, म्हणून ते शक्य झाले. १९३९ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याविषयी पुस्तकात जे आहे ते उत्कट आहे, पण आम्हांला ते अपुरे वाटते.

डॉ. जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ शेजारी ठेवून वाचले, तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांची ही कथा आहे. २०१४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बनारसच्या घरात वडील गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार, आणि घरातल्या फळ्यावर गणिताचे आव्हान लिहून ठेवणारे मोरूमामा. भाच्याने ते सोडवावे, नाही तर हार मानावी. हा फळा आम्हांला या पुस्तकातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते. उत्तर मिळेपर्यंत गणित पुसले जात नसे. आपल्या वर्गातल्या फळ्यावरचा प्रश्न तास संपताच पुसला जातो.

पण दोन्ही पुस्तकांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दोन्ही मुले सुशिक्षित, सुस्थित घरांतली होती. मामांची ओळख, घरातला फळा, परदेशी शिक्षण हे सर्वांच्या वाट्याला येत नाही. ‘तुम्हीही असे व्हा’ असे सांगून चरित्र संपवणारा शिक्षक, ज्या मुलाच्या घरी फळा नाही त्याच्यावर अन्याय करतो. त्या मुलासाठी फळा कोण आणि खण उघडणारा माणूस कोण, याचे उत्तर शाळेनेच द्यायचे असते.

साक्ष आणि नोंद

आता चरित्रवाचनातला सर्वांत अवघड भाग. १९३७ साली सालिम अली कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षिसंग्रहासाठी गेले होते. कर्नलसाहेबांनी आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी बरेच वाईटसाईट लिहिले. सालिम अलींनी ते स्वतःच्या पुस्तकात खिलाडूपणे उद्धृत केले आहे. मनाचा हा मोठेपणा वाचकाला आवडतो. पण कर्नलसाहेबांचे खरे रूप पुस्तक छापल्यानंतर उघडकीस आले. १९९३ पासून प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले की, त्यांनी संग्रहालयांतून पक्ष्यांचे जुने नमुने चोरले होते आणि त्यांवर खोटी ठिकाणे व तारखा घालून ते स्वतःचे म्हणून मिरवले होते.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. रानपिंगळा हे सातपुड्याच्या परिसरातले एक लहान घुबड. १८८४ नंतर त्याचा एकही खरा नमुना कोणाला मिळाला नव्हता. पण माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहात गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली मिळवल्याचा नमुना होता. तो खानदेशातून पूर्वीच गोळा झालेला, चोरलेला आणि नव्याने भरलेला नमुना होता. हे ध्यानात आल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी! एका खोट्या चिठ्ठीने शोध भलत्या दिशेला नेला होता आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी तो पक्षी परत मिळवून दिला.

सालिम अलींना १९८५ साली हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. पण वाचकाने धडा घ्यावा. आत्मचरित्र ही एका माणसाची साक्ष असते. ती कितीही प्रांजळ असली, तरी तिच्यात आठवणी, प्रेम आणि मैत्री मिसळलेली असते. नोंद वेगळी असते. तिच्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण असते आणि ती दुसऱ्या कोणालाही तपासता येते. विज्ञान टिकते ते नोंदीवर. म्हणूनच नोंदीतली लबाडी, मग ती करणारा कितीही नामांकित असो, क्षम्य नसते.

‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ची एक उणीवही येथे सांगायला हवी. पुस्तकात किस्से भरपूर आहेत, प्रवास आहेत, माणसे आहेत. पण विचार कसा घडत गेला, एखादी कल्पना कशी सुचली आणि कशी टाकून दिली, हे फारसे हाती लागत नाही. सुगरणीचे संशोधन समजून घ्यायचे तर मूळ लेखच काढावा लागतो. नारळीकरांचे पुस्तक वाचतानाही असाच एक प्रश्न मनात धरावा. १९६५ साली विश्वातल्या पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोट सिद्धांताकडे वळले. नारळीकर मात्र हॉईल यांच्यासह पर्यायी सिद्धांताचा पाठपुरावा करत राहिले. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी त्या सिद्धांताचे सुधारित रूप मांडले. तेही बहुमताला पटले नाही. दशकानुदशके अल्पमतात राहून काम करताना आपण आग्रही आहोत की हट्टी, हे शास्त्रज्ञ स्वतःशी कसे ठरवतो? वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांशी यावर उत्तम चर्चा होऊ शकेल.

वर्गात काय करता येईल?

येत्या पक्षी सप्ताहात चिमणीची गोष्ट जरूर सांगावी, पण तिच्यासोबत १९०८ ते १९३० अशी एक रेघ फळ्यावर काढून मधली वर्षे मुलांकडून भरून घ्यावी. या गोष्टीत आणखी कोण कोण आहे, याची यादी करायला सांगावी. आणि आठ चिमण्यांची नोंद समोर ठेवून विचारावे: एकही पक्षी न मारता, न पकडता, हाच प्रश्न आपल्याला कसा तपासता येईल? शाळेच्या वळचणीला चिमण्यांचे एखादे घरटे असेलच. नसेल तर का नाही, हाही प्रश्नच आहे.

मग प्रत्येकाला एक वही द्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसले. जे दिसले तेवढेच लिहायचे, आणि दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असे लिहायचे. वर्षअखेरीस यातल्या दोन-तीन वह्या तरी भरलेल्या असतील. त्या फेकून देऊ नयेत. शाळेच्या कपाटात ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी तो खण उघडून दाखवावा.