लष्करी तळ आणि कथेची भाषा : ओकिनावातील तीन कथाकृती

१

लष्करी तळांच्या शेजारी जगणाऱ्या समाजाचे वाङ्मय हाती आले, की त्याची परीक्षा बहुधा एकाच कसोटीवर केली जाते : त्यात अन्यायाचे चित्रण किती प्रखर आहे आणि प्रतिकाराचा उद्गार किती स्पष्ट आहे. ओकिनावाच्या कथावाङ्मयासही हीच कसोटी लावण्याचा मोह होतो. ती अगदीच गैरलागू आहे असे नाही. परंतु तिच्यामुळे कथा ही केवळ पीडितांची जबानी ठरते आणि तिच्या घडणीकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. प्रस्तुत लेखात ओशिरो तात्सुहिरो, हिगाशी मिनेओ आणि मेदोरुमा शुन ह्यांच्या प्रत्येकी एका कथेचा विचार करावयाचा आहे. ह्या तिन्ही कथांना जपानातील आकुतागावा पारितोषिक मिळाले आहे. त्यांतील प्रतिकार विषयापेक्षा भाषेच्या योजनेत अधिक खोलवर रुजलेला आहे, आणि तीच योजना लेखकास स्वतःच्या समाजाचीही उलटतपासणी घ्यावयास लावते, असे माझे प्रतिपादन आहे.

भाषेला येथे इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. र्‍यूक्यूचे राज्य जपानने १८७९ मध्ये खालसा केले व त्याचा ओकिनावा हा प्रांत बनविला. तेथील भाषा जपानीच्या कुळातली खरी. तथापि टोकिओच्या माणसास ती ऐकून समजत नाही. युनेस्कोने २००९ मध्ये ह्या द्वीपमालेतील सहा भाषांची लोप पावू लागलेल्या स्वतंत्र भाषा म्हणून नोंद केली. जपानी शासनाने मात्र त्यांस 'बोली'च मानले. शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकविली जाई. १९४५ च्या एप्रिलात, बेटावर युद्ध चालू असताना, ओकिनावी भाषेत बोलणाऱ्यास हेर समजण्यात येईल असा आदेश जपानी लष्कराने काढला. त्या युद्धात नव्वद हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले.

पुढे १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहाने जपान स्वतंत्र झाला, पण ओकिनावा अमेरिकन लष्कराच्या ताब्यातच राहिला. ही बेटे जपानपासून अशी अलग ठेवण्यास भारताचा विरोध होता, आणि त्या परिषदेस न जाण्याच्या भारताच्या कारणांपैकी ते एक होते. १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानकडे परत आला. तळ मात्र उठले नाहीत. जपानच्या भूमीचा अवघा ०.६ टक्का असलेल्या ह्या प्रांतात आजही, केवळ अमेरिकन सैन्याच्या वापरासाठी राखलेल्या तळांच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. अशा ठिकाणी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. शाळेत तो शिक्षेचा, युद्धात प्राणाचा, आणि अमेरिकन अमदानीत न्यायाचा प्रश्न होता.

२

ओशिरो (१९२५–२०२०) ह्यांची 'कॉकटेल पार्टी' ही कथा १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. हे पारितोषिक मिळविणारे ते पहिले ओकिनावी लेखक होत. तळाच्या कुंपणाआड, मिलर नामक अमेरिकनाच्या घरी मेजवानी आहे. तेथे ओकिनावी निवेदक, चिनी वकील सुन आणि जपानी पत्रकार ओगावा एकत्र आले आहेत. चौघांस जोडणारा दुवा आहे चिनी भाषेचा अभ्यास. जेता, जित आणि त्यांच्यामधला, ह्यांपैकी कोणावरही ज्या भाषेची सत्ता चालत नाही, अशा भाषेत चालणारी ही मैत्री निवेदकास सुखावते. तथापि ती भाषा तितकीशी निरपराध नाही. निवेदक पूर्वी चीनमध्ये जपानी सैन्यात होता, आणि सुनच्या पत्नीवर जपानी सैनिकाने बलात्कार केला होता.

मेजवानीहून परतलेल्या निवेदकास कळते, की त्याच्या मुलीवर एका अमेरिकन सैनिकाने बलात्कार केला आहे. आणि तिने त्याला कड्यावरून लोटले म्हणून गुन्हेगार ठरली आहे ती. सैनिकावरील खटला लष्करी न्यायालयात इंग्रजीतून चालेल. मुलीवरचा खटला स्थानिक न्यायालयात चालेल, पण त्या न्यायालयास सैनिकाला साक्षीसाठी बोलावण्याचा अधिकार नाही. कथेची सारी व्यवस्था ह्या एका वस्तुस्थितीत सामावलेली आहे. प्रत्येक न्यायासनाची भाषा ठरलेली आहे, आणि एका भाषेत घडलेल्या गुन्ह्याचे उत्तर दुसऱ्या भाषेत मागण्याची सोय नाही.

नेमक्या ह्याच ठिकाणी ओशिरो निवेदनाचा पुरुष बदलतात. पूर्वार्धात 'मी' म्हणून बोलणारा निवेदक उत्तरार्धात स्वतःस 'ओमाए' म्हणून संबोधू लागतो. 'ओमाए' हे जपानीतील द्वितीयपुरुषी सर्वनामांपैकी सलगीचे, प्रसंगी तुच्छतेचेही सर्वनाम आहे. वडीलधाऱ्यास वा परक्यास ते वापरीत नाहीत. इंग्रजी भाषांतरात त्याच्या जागी जे एकमेव सर्वनाम येते, त्यात आदर, सलगी व अधिक्षेप हे सारे सपाट होऊन जाते. मराठीत ही अडचण नाही. 'तुम्ही' आणि 'तू' ह्यांतील अंतर आपल्या वाक्याच्या क्रियापदापर्यंत पोहोचते. 'तू तेव्हा चीनमध्ये काय करीत होतास?' ह्या धाटणीचा प्रश्न मराठी वाचकास आरोपीच्या पिंजऱ्यातला म्हणून तत्काळ ओळखू येईल. सर्वनाम बदलताच निवेदक फिर्यादीही होतो व आरोपीही. मिलरचा मैत्रीचा बुरखा फाडावयाचा, तर स्वतःचा बुरखा आधी उतरवावा लागतो. सुनच्या पत्नीचे दुःख बाजूस सारून मुलीसाठी न्याय मागता येत नाही.

येथे एक उणीवही नमूद केली पाहिजे. ह्या साऱ्या संवादात मुलीला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. खटल्याबाबत ती अनुत्सुक असताना निर्णय घेतो तो पिता. तिच्या देहावरील अत्याचार हा बापाच्या नैतिक जागृतीचा प्रसंग बनतो, आणि ज्या कथेने 'कोणत्या भाषेत न्याय मागावा' असे विचारले, ती 'तो कोणी मागावा' हे विचारावयास विसरते.

३

हिगाशी मिनेओ ह्यांची 'ओकिनावाचा मुलगा' ही कथा १९७१ ची. तिचे स्थळ कोझा. कादेना विमानतळाच्या दाराशी युद्धानंतर वाढलेली ही वस्ती १९७४ मध्ये ओकिनावा शहरात विलीन झाली. १९७० च्या डिसेंबरात ह्याच कोझात संतप्त जमावाने अमेरिकनांच्या सत्तरांहून अधिक मोटारी जाळल्या होत्या. वर्षभरातच आलेल्या ह्या कथेत मात्र त्या ज्वाळा नाहीत. तिच्यात आहे दारूचा गुत्ता चालविणारे एक कुटुंब. गिऱ्हाईक वाढले, की निजलेल्या मुलास उठवून त्याचा बिछाना सैनिकासाठी व त्याच्याबरोबरच्या स्त्रीसाठी रिकामा केला जातो. तळाचे अर्थशास्त्र एका बिछान्यात आले आहे, आणि मुलास उठविणारा हात आईचा आहे.

हिगाशींचे खरे कर्तृत्व संवादांत दिसते. चिनी अक्षरांच्या कडेला बारीक टाइपात उच्चार छापण्याची सोय जपानी मुद्रणात आहे. ते अक्षरे अशी निवडतात, की जपानी वाचकास अर्थ कळावा. आणि कडेला उच्चार देतात तो ओकिनावी. एकच शब्द डोळ्यास जपानी आणि कानास ओकिनावी असतो. ज्या पाटीने मुलाच्या तोंडची भाषा लज्जास्पद ठरविली, तिचे हे छापील उत्तर होय. गळ्यात अडकविलेली भाषा लेखकाने शब्दाच्या खांद्यावर बसविली. तरीही एका मर्यादेकडे दुर्लक्ष करता येत नाही : मुलाचे निवेदन प्रमाण जपानीतच चालते. घर ज्या भाषेत बोलते, त्या भाषेत तो विचार करताना दिसत नाही. आणि अखेरीस वादळी रात्री तो नावेतून पळू पाहतो, तेव्हा तळापासून जितका दूर जातो तितकाच आईच्या भाषेपासूनही. ही कथेची कमजोरी नसून तिचे निदान आहे, असे मला वाटते. 'आपली ओळख' ही सुरक्षित ठेवलेली मिळकत नाही, हे हिगाशींनी कोणताही उपदेश न करता दाखविले आहे.

४

मेदोरुमा शुन (जन्म १९६०) ह्यांची 'थेंब' ही १९९७ ची कथा प्रथमदर्शनी तळांविषयी नाहीच. एके दिवशी तोकुशो ह्या वृद्धाचा पाय कोहळ्यासारखा सुजतो, अंगठ्यातून पाणी ठिबकू लागते, आणि त्याची वाचा जाते. रात्री युद्धातील मृत सैनिक रांगेने येऊन ते पाणी पितात. त्यांत इशिमिने हा त्याचा मित्रही असतो. जखमी इशिमिनेसाठी दिलेले पाणी तोकुशो स्वतःच प्याला होता व त्याला गुहेत सोडून निघून आला होता. आणि हाच तोकुशो शाळाशाळांतून युद्धाच्या आठवणी, पदरच्या गोष्टी मिसळून, सांगत असे व त्याबद्दल मानधन घेत असे.

हे लिहिण्यास किती धैर्य लागले असेल, ते प्रकाशनाचे वर्ष ध्यानात घेतल्यावाचून कळणार नाही. १९९५ च्या सप्टेंबरात तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. २१ ऑक्टोबर रोजी गिनोवान येथे सुमारे ८५,००० लोक निषेधासाठी जमले. तळविरोधाचे नैतिक बळ युद्धाच्या साक्षींवर उभे होते. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मेदोरुमांनी साक्षीदाराचीच जीभ बंद केली. पाठ झालेली साक्ष सत्याची जागा घेते. ती थांबल्यावरच देह बोलू लागतो. त्याच वेळी तोकुशोचा चुलतभाऊ ते पाणी चमत्कारी औषध म्हणून विकतो. दुःखाचा बाजार मांडणारे सगळेच कुंपणापलीकडचे नसतात, हे त्यातून सुचविले जाते. कथेत ठाम आवाज आहे तो पत्नी उशीचा. नवऱ्याच्या भाषणांना ती प्रथमपासून नावे ठेवीत आली आहे, आणि तिच्या तोंडी घरची भाषा आहे. ओशिरोंच्या कथेत जो आवाज नव्हता, तो येथे तीस वर्षांनी ऐकू येतो.

५

ह्यावर एक आक्षेप संभवतो. ज्या समाजावर आजही तळ लादलेले आहेत, त्याच्या लेखकांनी स्वतःच्याच माणसांची झडती घेतली, तर प्रतिकार दुबळा होणार नाही काय? आक्षेप क्षुल्लक नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत हेनोको येथील नव्या बांधकामाविरुद्ध सुमारे ७२ टक्के मतदारांनी कौल दिला, तरी समुद्रातील भराव थांबला नाही. अशा वेळी आत्मपरीक्षण ही चैन वाटू शकते.

परंतु ज्या मेदोरुमांनी साक्षीदारास मुका केला, तेच हेनोकोच्या पाण्यात लहान होडी घेऊन निदर्शने करीत आले आहेत, आणि २०१६ मध्ये त्याबद्दल त्यांना अटकही झाली. एकाच माणसाच्या ठायी ह्या दोन कृती विरोधाविना नांदतात. ज्याची साक्ष स्वतःच्या उलटतपासणीस उतरली आहे, त्याची साक्ष प्रतिपक्षास सहज फोडता येत नाही. ओशिरोंच्या 'तू'चा अर्थ हाच होता.

मराठी अभ्यासकास ह्यातून एक काम सुचते. ह्या कथा इंग्रजीवरून मराठीत आणल्या, तर सर्वनामांची श्रेणी, कडेचा उच्चार आणि उशीची भाषा ही तिन्ही वाटेतच गळतील. त्या मूळ जपानीवरून, र्‍यूक्यू भाषांची जाण ठेवून भाषांतरित व्हावयास हव्यात. भाषांतरकाराने उशीच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी घालण्याचा मोहही टाळावा. कारण त्याने 'ही केवळ बोली आहे' हा शासनाचाच निवाडा नकळत कायम होईल. शिक्षेच्या पाटीवर जे लिहिले होते, ते भाषांतराने पुन्हा लिहू नये.