दार कोण लावतं? झोंबीपट आणि आपली 'झोंबिवली'

विषय वाचून काहींनी विचारलं, भुताच्या सिनेमावर कसलं व्याख्यान? तर आधी एक दुरुस्ती. झोंबी म्हणजे भूत नव्हे, आणि हा फरक चिखलीच्या माणसाला शिकवावा लागू नये. सैलानी आपल्यापासून काही फार लांब नाही. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला लोटणारी गर्दी आणि तिथली नारळांची होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'अंगात येणं' म्हणजे काय ते ठाऊक आहे. श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद आज बाजूला ठेवू. मुद्दा एवढाच, की अंगात येतं तेव्हा माणसात कुणीतरी येतं. ते बोलतं, काहीतरी मागतं. आपली सगळी भुतं मागणारी. मुंजाला लग्न हवं, हडळीचा जुना हिशेब राहिलेला, वेताळाची वर्षाची पालखी ठरलेली. झोंबीत कुणीच येत नाही. जो होता तो निघून गेलेला असतो, मागे फक्त भूक उरते. म्हणून त्याच्यापुढे भगत चालत नाही की उतारा चालत नाही. 'झोंबिवली'तल्या एका गाण्याचं नाव 'अंगात आलंया' आहे. ऐकायला झकास, पण गोष्ट नेमकी उलटी. अंगातून गेलंया म्हणायला पाहिजे होतं! (हशा)

आम्ही या प्रकारातल्या सिनेमांचे जुने शौकीन. चांगले पाहिले, त्याच्या चौपट रद्दी पाहिले, आणि त्या रद्दीबद्दल आमची तक्रार नाही. शौकीन माणूस रक्त आणि रंगरंगोटी बघतो असा समज आहे. बघतो ना, का बघू नये? पण त्यावर गुण देत नाही. पहिली गोष्ट आम्ही बघतो ती नियम. सिनेमाने हवा तो नियम करावा, मात्र एकदा केला की पाळावा. 'ट्रेन टू बुसान' हा २०१६चा कोरियन सिनेमा घ्या. त्यातल्या झोंबींना अंधारात दिसत नाही, दाराची कडी काढता येत नाही. एवढ्या दोन गोष्टींवर दिग्दर्शक येऑन सांग-हो आख्खी गाडी पळवतो. बोगदा आला की आपणही श्वास धरून बसतो. झोंबी धावावेत की रखडत चालावेत, यावर शौकीन मंडळी रात्र रात्र भांडतात. २००२च्या '२८ डेज लेटर'पासून तर फारच. आम्ही रखडणाऱ्यांच्या बाजूचे. धावणाऱ्यापुढे माणूस फक्त पळतो. रखडणाऱ्यापुढे त्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि त्या वेळात तो काय करतो तिथे खरा सिनेमा असतो.

आपल्याकडे प्रेत जाळतात, मग उठणार कोण, ही शंका नेहमी येते. चाव्याने पसरणारा रोग आला आणि ती शंका मिटली. पण मूळ कल्पना थडग्यातून उठण्याचीही नव्हती. ती हैतीची. उसाच्या मळ्यांत गुलामांना मरेपर्यंत राबवणारी ती फ्रेंच वसाहत. मेल्यावर तरी सुटका होईल, एवढीच आशा. तीही हिरावली तर? मेलेल्याला उठवून पुन्हा कामाला जुंपलं तर? ती भीती म्हणजे झोंबी. १९३२च्या 'व्हाइट झोंबी'त साखरेच्या घाण्यावर मेलेली माणसं राबताना दाखवली आहेत. बाकी सिनेमा आज जुनाट वाटतो. ते दृश्य मात्र वाटत नाही, निदान ऊसतोडीची गाडी भरताना पाहिलेल्याला तरी.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी आज उभे आहोत. ती म्हणजे दार. जॉर्ज रोमेरोने १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला, तेव्हापासून या सिनेमात एक घर असतं, बाहेर ते असतात, आत आपण असतो. रोमेरोच्या घरात भांडणं आतच होतात. तळघरात लपायचं की वरती थांबायचं, यावर. रात्रभर टिकून राहिलेला बेन, कृष्णवर्णीय माणूस, सकाळी खिडकीत येतो आणि मदतीला आलेले बंदूकधारी त्याला 'त्यांच्यातला' समजून गोळी घालतात. 'ट्रेन टू बुसान'मध्ये झोंबींच्या डब्यांतून जीव वाचवत आलेल्या माणसांना पुढच्या डब्यातले धडधाकट प्रवासी दार उघडत नाहीत. तुम्हालाही लागण झाली असेल, म्हणतात. ते दृश्य आम्हाला सगळ्या दातओठांपेक्षा भयंकर वाटतं.

मंडळी, २०२० साल आठवा. राज्यात गावोगाव वेशीवर बाभळीच्या फांद्या पडल्या, बांबू आडवे बांधले गेले. मुंबई-पुण्याहून पायी आलेला माणूस पाव्हणा नव्हता. त्याच गावचा होता, त्याची माय आत होती. गावाला दोष देणं सोपं आहे. भीती खरी होती, दवाखाना लांब होता. पण त्या बाभळीच्या दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं उभी होती, आणि ते आपण पडद्यावर नाही, डोळ्यांनी पाहिलं.

या पार्श्वभूमीवर २६ जानेवारी २०२२ला आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला. मराठीत झोंबीपट! आम्हाला आनंद झाला, तो अजून आहे. नावातच कल्पना आहे, आणि ती नुसती कोटी नाही. डोंबिवलीतला टॉवर, त्यात राहायला आलेला इंजिनिअर (अमेय वाघ), त्याची गरोदर बायको (वैदेही परशुरामी), समोर जनता नगर ही वस्ती, आणि तिथल्या पाण्यासाठी भांडणारा विश्वास (ललित प्रभाकर). इंजिनिअरची नोकरी बाटलीबंद पाण्याच्या कंपनीत. म्हणजे हैतीचा ऊस इथे पाणी झाला. कुणी काय विकतं आणि कुणाच्या नळाला काय येत नाही, हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. 'गो गोवा गॉन'ने २०१३ला झोंबी आणले ते पार्टीतल्या नशेतून, मजा आली, पण ते कुठल्याही बेटावर चाललं असतं. 'झोंबिवली' डोंबिवलीतच घडू शकतो. मराठी सिनेमाने या प्रकाराला घातलेली ही भर आम्ही मोठी मानतो.

अमेय वाघचा भित्रा मध्यमवर्गीयही छान. तो भितो तेव्हा हसू येतं आणि लगेच जरा लाजही वाटते. मग अडलं काहून? तर सिनेमाला आपल्या प्रेक्षकाची खात्री नाही. जे भिंत आणि नळ न बोलता सांगतात, ते पात्रं पुन्हा बोलून सांगतात. अन् दार? टॉवरवाला आणि वस्तीवाला खांद्याला खांदा लावून लढतात. बघायला बरं वाटतं. पण टॉवरने वस्तीला दार लावलं असतं तर काय, हा प्रश्न ज्या ताकदीने छातीवर बसायला हवा होता, तसा बसत नाही. विनोद त्याला अलगद उचलून बाजूला ठेवतो. नुकतीच बाभळीची फांदी ओढलेल्या प्रेक्षकाला हा प्रश्न झेपला असता, असं आम्हाला वाटतं.

याच दिग्दर्शकाने २०२४ला हिंदीत 'मुंज्या' केला, कोकणातल्या लोककथेवरचा, आणि तो जोरात चालला. साहजिक आहे. मुंजाला हवं काय ते ठाऊक असतं, त्याच्याशी बोलता येतं, शेवटी त्याला मार्गी लावता येतं. झोंबींच्या गर्दीला मार्गी लावता येत नाही. आणि इथेच या प्रकाराचा धोका आहे, जो आम्ही शौकिनांनीच बोलून दाखवायला हवा. समोरून येणारी हजार माणसं म्हणजे माणसं नाहीत, हे तो दोन तास आपल्याला पटवत राहतो. मे महिन्यात टँकर आला की त्याच्यामागे हंडे घेऊन धावणारी गर्दी वरून, गच्चीवरून टिपा. आवाज बंद करा. कोणत्या सिनेमातलं दृश्य वाटेल? म्हणून चांगला झोंबीपट त्या गर्दीतला एक तरी चेहरा ओळखीचा ठेवतो. कुणाच्या अंगावर अजून दुकानाचा गणवेश असतो, कुणी रोजच्या वाटेनेच येत असतं. रोमेरोच्या १९७८च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये मेलेली माणसं मॉलमध्येच परत येतात, कारण जिवंतपणी तिथेच जायची सवय होती. आपण हसतो, आणि हसताना आपल्याला आपला रविवार आठवतो.

तालुक्याच्या गावातला झोंबीपट अजून मराठीत आमच्या पाहण्यात नाही. कल्पना करा, मेहकरकडून, जालन्याकडून, खामगावकडून रस्ते येतात, एसटी स्टँडवर शेवटची गाडी लागली आहे, आणि गाडीतले चाळीस जण खिडकीतून आपल्याला नावानं हाका मारताहेत. इथे अनोळखी गर्दी मिळतच नाही, सगळे कुणाचे ना कुणाचे सोयरे. डोंबिवलीला जे जमलं नाही ते इथे टाळताच येणार नाही. कॅमेरे आता पोरांच्या खिशात आहेत. कुणी करायला घेतलंच, तर रंगरंगोटीवर पैसे घालवू नका, एसटीच्या दारावर वेळ घाला.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी हात केव्हाचा वर धरलाय.