पियानोचा दिग्विजय आणि ख्यालाची वाट

परदेशी जाऊन नाव मिळविणे हीच कलावंताच्या थोरवीची कसोटी, अशी एक समजूत आपल्यात मूळ धरून बसली आहे. ती तपासावयाची, तर ज्याचा पेशाच देशोदेशी हिंडण्याचा आहे त्या पियानोवादकाकडे प्रथम पाहावे.

ह्या पेशाचा पाया फ्रान्झ लिस्टने घातला. १८४० साली लंडनमधील त्याच्या वादनाच्या जाहिरातींतून ‘रिसायटल’ हा शब्द रूढ झाला. पुढे लिस्बनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत तो वाजवीत गेला आणि १८४७ साली, ऐन पस्तिशीत, बिदागीसाठी वाजविणे त्याने सोडून दिले. लिस्टची प्रतिभा वादातीत आहे. परंतु त्याच्यामागून शेकडो वादक त्याच वाटेने जाऊ शकले, ह्याचे कारण केवळ प्रतिभा नव्हे. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे ते अवजड वाद्य आज प्रत्येक मोठ्या सभागृहात आधीच उभे असते. त्यातील सप्तकाचे बारा समान भाग व्हिएन्नात तेच आणि टोकियोतही तेच. बीथोव्हनच्या ३२ सोनाटा छापील मिळतात, आणि श्रोत्याने त्या पूर्वी ऐकलेल्या असतात. वाद्य, रचना व श्रोता ही तिन्ही आधी पोहोचलेली असतात. वादक तेवढा मागाहून येतो.

आता आपल्या हुबळीकडे वळू. कोप्पीकर रोडच्या गजबजाटापासून फार दूर नसलेल्या देशपांडेनगरात गंगूबाई हनगल राहत. १९१३ साली धारवाडात जन्मलेल्या ह्या गायिकेने आई अंबाबाईंचे कर्नाटक संगीत कानी पडत असता हिंदुस्थानी गायकीची वाट धरली, आणि गुरू सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी आगगाडीने कुंदगोळच्या खेपा घातल्या. पुढे परदेशांतही त्यांचे गाणे झाले. परंतु तेथे त्यांच्या आधी काय पोहोचले होते? तंबोरे बरोबर न्यावयाचे, साथीदार न्यावयाचे. तोडीचा अतिकोमल गांधार तर पियानोच्या कोणत्याच पट्टीत नाही. तो गळ्यातूनच न्यावा लागतो. आणि श्रोता तेथल्या तेथे घडवावा लागतो. १९५५ साली यहूदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून अली अकबरखाँ न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर सरोदाआधी राग म्हणजे काय हे मेन्युहिन यांना बोलून सांगावे लागले. बीथोव्हनसाठी असे निरूपण कोणी करीत नाही.

म्हणून दोघांच्या परदेशयात्रा एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होय. ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा विख्यात पियानोवादक १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जाहीर मैफलींतून निवृत्त झाला आणि पुढे ध्वनिमुद्रणालयातच रमला. त्याच्या कलेला समोरचा श्रोता वगळता आला. ख्यालाला तो वगळता येत नाही. समेवर हलणारी मान हा त्या गाण्याचाच भाग आहे. गंगूबाई २००६ सालीही, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, श्रोत्यांसमोर बसून गायिल्या.

तथापि पियानोच्या परंपरेकडून घेण्यासारखे एक आहे, आणि तेथे आपली बाजू लंगडी पडते. आर्थर श्नाबेलने १९३२ ते १९३५ ह्या काळात बीथोव्हनच्या सर्व सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. त्याच काळातील आपल्या सवाई गंधर्वांचे गाणे मात्र मुख्यतः तीनेक मिनिटांच्या तबकड्यांतूनच उरले. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत किती मावणार? १९५२ साली ते गेले, आणि त्यांच्या विलंबितातील बरेचसे त्यांच्याबरोबर गेले. जे राहिले, ते शिष्यांच्या गळ्यात राहिले.

गाणे जपावयाचे तर ध्वनिमुद्रणे जपली पाहिजेत, आणि त्याहून निकडीचे म्हणजे ऐकणारे कान घडविले पाहिजेत. आपल्या देवळांच्या सभामंडपांत, भजनाच्या रात्री, ते कान पिढ्यानपिढ्या घडत आले. तेथे टाळ धरणाऱ्या मुलाला सूर व लय ह्यांची जाण शाळेआधी येई. तो सभामंडप ओस पडला, तर गवई न्यूयॉर्क जिंकून परत येईल, पण त्याची सम ओळखणारे घरी कोणी उरणार नाही.