मेग्रेच्या अनुपस्थितीत: सिमेनाँच्या ‘कठोर’ कादंबऱ्यांचे वाचन

जॉर्ज सिमेनाँ (१९०३–१९८९) या फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बेल्जियन कादंबरीकाराच्या लेखनाचा विस्तारच अभ्यासकाला प्रथम गोंधळात टाकतो. पोलीस अधिकारी मेग्रे याच्यावरील ७५ कादंबऱ्या एका बाजूला, आणि ज्यांना तो स्वतः ‘रोमाँ द्यूर’ म्हणजे कठोर कादंबऱ्या म्हणत असे, त्या शंभराहून अधिक कादंबऱ्या दुसऱ्या बाजूला. टोपणनावांनी केलेले आरंभीचे लेखन वेगळेच. एवढ्या ग्रंथसंभारापुढे समीक्षेची सोयीची पळवाट म्हणजे तो न वाचताच लोकप्रियतेच्या खात्यात टाकणे. बाबूराव अर्नाळकरांच्या बाबतीत आपण तेच केले.

सिमेनाँच्या कठोर कादंबऱ्यांकडे वळू पाहणाऱ्यास सामान्यतः ‘ला नेझ एते साल’ (बर्फ मळले होते, १९४८) हे नाव सुचवले जाते. परकीय सैन्याने व्यापलेले निनावी शहर, कुंटणखाना चालवणाऱ्या आईचा मुलगा फ्रांक, त्याने निष्कारण केलेला खून, पुढे तुरुंग आणि चौकशी. ‘गंभीर’ साहित्याच्या सर्व खुणा तिच्यात आहेत, आणि म्हणूनच ती पहिली वाचू नये असे मला वाटते. या कादंबऱ्यांमधला खरा प्रश्न, म्हणजे रहस्यकथेतून उकल करणारा काढून घेतला तर तिच्या रूपबंधाचे काय होते हा प्रश्न, तिथे परिस्थितीच्या भव्यतेत झाकला जातो.

तो उघडा पडतो ‘लॉम की रगार्दे पासे ले त्राँ’ (गाड्या जाताना पाहणारा माणूस, १९३८) या कादंबरीत. १९३४ मध्ये सिमेनाँने मेग्रेला निवृत्त केले होते. ही त्या मधल्या काळातली कृती. हॉलंडमधील ग्रोनिंगनच्या एका जहाज व्यवसायातील पेढीचा प्रतिष्ठित कारकून केस पोपिंगा याला एका रात्री कळते की, मालकाने पेढी बुडवली आहे. घर, संसार, अब्रू यांचा डोलारा कोसळतो, आणि पोपिंगाला दुःखाऐवजी मोकळे झाल्यासारखे वाटते. अ‍ॅमस्टरडॅमला तो मालकाच्या रखेलीकडे जातो, ती हसते, तिचा मृत्यू होतो. पुढे पॅरिस. येथे एक तपशील दुर्लक्षिता येत नाही. पोपिंगाचा पाठलाग करणारा अधिकारी ल्यूका आहे, म्हणजे मेग्रे-मालिकेतील मेग्रेचा सहायक. सहायक आहे, मेग्रे नाही. तपासाची यंत्रणा जागेवर आहे. समजून घेणारी जाणीव तेवढी गेली आहे.

मेग्रे-कथांचे आकर्षण कोड्यात कधीच नव्हते. मेग्रे त्या वस्तीत जाऊन बसतो, पितो, तिथली हवा अंगात मुरवतो, आणि अखेरीस गुन्हेगाराला कोणीतरी समजून घेतले एवढा दिलासा वाचकाला मिळतो. पोपिंगाबाबत स्पष्टीकरणे मात्र उदंड आहेत: वृत्तपत्रांचे, पोलिसांचे, डॉक्टरांचे. तो स्वतः वृत्तपत्रांना पत्रे लिहून ती दुरुस्त करत राहतो. शेवटी मनोरुग्णालयात आपल्या प्रकरणाचे सत्य लिहिण्यासाठी घेतलेल्या वहीत शीर्षकापलीकडे काही नसते. ही कोरी वही म्हणजे रहस्यकथेच्या अंतिम प्रकरणाचे विडंबन आहे. उकलीची जागा राखून ठेवलेली आहे, उकल नाही. (मृत स्त्रीला मात्र सत्याच्या या चर्चेत स्थान नाही. पोपिंगाच्या दृष्टीची ही मर्यादा मानून मोकळे होता येईल. सिमेनाँच्या एकूण लेखनात ती इतक्या वेळा आढळते की मला तसे करवत नाही.)

यानंतर ‘ला व्हव्ह कुदेर्क’ (विधवा कुदेर्क, १९४२) घ्यावी. तुरुंगातून सुटलेला झाँ आणि त्याला शेतावर ठेवून घेणारी तिशी-चाळिशीपलीकडची ताती यांच्या या कथेत तपास जवळजवळ उरतच नाही. काम्यूची ‘दि आउटसायडर’ या इंग्रजी नावाने आपल्याकडे परिचित असलेली कादंबरी त्याच वर्षीची. आन्द्रे जीदने दोहोंची तुलना करून सिमेनाँला झुकते माप दिले होते. अस्तित्ववादाच्या चर्चेत आपण काम्यूला जितके घोळवले त्याच्या अंशानेही सिमेनाँला वाचले नाही, याचे एक कारण असे की त्याने आपल्या कथेला तत्त्वज्ञानाची पुरवणी जोडली नाही.

या क्रमाने ‘ला नेझ एते साल’पर्यंत आलेल्या वाचकाला ती वेगळी दिसेल. फ्रांकने शेजारी होल्स्टच्या मुलीचा, सिसीचा, जो विश्वासघात केला त्याची नोंद कोणत्याही कायद्याच्या कलमात नाही. तोच होल्स्ट मुलीला घेऊन तुरुंगात त्याला भेटायला येतो. त्या भेटीत पोपिंगाच्या वेळी रिकामी राहिलेली मेग्रेची जागा पुन्हा भरली जाते. सर्वांत काळी समजली जाणारी ही कादंबरी त्या एका प्रसंगामुळे या तिन्हींत सर्वांत कमी कठोर ठरते.