वसंत आला की बरं वाटतंच, मग केटामाईनने नक्की काय केलं?

अमेरिकेतल्या केटामाईन क्लिनिकांच्या जाहिरातींमध्ये आता हिवाळ्यातलं नैराश्यही दिसू लागलंय. त्यामागचा युक्तिवाद तीन वाक्यांत बसतो. एक, हिवाळ्यातलं नैराश्य हा मेजर डिप्रेशनचाच प्रकार आहे. दोन, केटामाईन मेजर डिप्रेशनवर काम करतं, आणि तेही काही तासांत. तीन, म्हणून केटामाईन हिवाळ्यातल्या नैराश्यावरही काम करेल.

पहिली दोन वाक्यं बरीचशी खरी आहेत. तिसरं मात्र त्यांच्यातून आपोआप निघत नाही. पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना आपण 'रिसर्च डिझाइन'च्या व्याख्या पाठ करतो, पण डिझाइन चुकलं तर माणसांचं काय नुकसान होतं ते अशा उदाहरणातून कळतं. म्हणून आज हा युक्तिवाद सुटा करून बघू.

आधी आजार समजून घेऊ

सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात 'सॅड', याचं पहिलं सविस्तर वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. त्या पेपरमध्ये २९ रुग्ण होते. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की झोप वाढते, गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ वाढते, वजन वाढतं, कशातच मन लागत नाही. वसंतात हे सगळं ओसरतं.

आपल्याकडे हा आजार फारसा ओळखीचा नाही, आणि ते साहजिक आहे. मुंबईत वर्षातला सर्वांत छोटा दिवससुद्धा जवळजवळ ११ तासांचा असतो, स्टॉकहोममध्ये तो साधारण ६ तासांचा. पण तुमच्यापैकी काहीजण पीएचडीसाठी मिनेसोटा, एडिनबरा किंवा फिनलंडला जाणार आहात, तेव्हा हा विषय अगदीच परका समजू नका.

आता कळीचा मुद्दा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत सॅड हा स्वतंत्र आजार नाही. वारंवार येणाऱ्या डिप्रेशनला लावायचा तो 'ऋतूनुसार येणारं' असा शेरा आहे. हा शेरा लावायला दोन गोष्टी दिसाव्या लागतात: नैराश्य ठरावीक ऋतूत येतं, आणि ठरावीक ऋतूत ते पूर्ण जातं. म्हणजे या आजाराच्या व्याख्येतच बरं होणं लिहिलेलं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

केटामाईनचा पुरावा कुठून आला?

केटामाईन हे मुळात भुलीचं औषध. १९६२ मध्ये ते तयार झालं आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. नैराश्यावरचा पहिला नियंत्रित प्रयोग २००० साली येलमध्ये झाला, अगदी मोजक्या रुग्णांवर. मग २००६ मध्ये झाराटे आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. रुग्ण १८, सगळे आधीच्या औषधांना दाद न दिलेले. ४० मिनिटांत शिरेतून एकच डोस. एका दिवसात ७१ टक्के रुग्णांचा लक्षणांचा स्कोअर निम्म्यावर किंवा त्याखाली आला. नेहमीच्या गोळ्यांना यासाठी आठवडे लागतात, त्यामुळे खळबळ उडाली ती योग्यच होती.

पण त्याच पेपरमधला दुसरा आकडा जाहिरातीत सापडणार नाही. आठवडाभर हा परिणाम टिकला तो ३५ टक्के रुग्णांत. आता गणित करा. सॅडचा हिवाळा साधारण पाच महिन्यांचा, म्हणजे २० आठवडे. बहुतेकांमध्ये आठवडाही न टिकणारा परिणाम २० आठवडे ओढायचा तर डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागणार. दीर्घकाळ आणि वारंवार केटामाईन घेणाऱ्यांमध्ये मूत्राशयाला इजा आणि व्यसन या दोन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत.

दुसरी अडचण ब्लाइंडिंगची. झाराटेंच्या प्रयोगात तुलनेला साधं सलाईन होतं. केटामाईन घेतल्यावर शरीरापासून वेगळं झाल्यासारखं वाटतं, आजूबाजूचं जग विचित्र भासतं. सलाईनने यातलं काहीच होत नाही. मग आपल्याला काय दिलंय ते रुग्णाला कळणारच ना? म्हणून २०१३ मध्ये मरो आणि सहकाऱ्यांनी ७३ रुग्णांवरच्या ट्रायलमध्ये सलाईनऐवजी मिडाझोलाम वापरलं, जे गुंगी आणतं. २४ तासांनी केटामाईन गटात ६४ टक्के जणांना फायदा दिसला, मिडाझोलाम गटात २८ टक्के जणांना. फरक उरला, पण नैराश्यावरचं औषध म्हणून न दिलेल्या मिडाझोलामवरही चारातल्या एकापेक्षा जास्त जणांना बरं वाटलं.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने याहून पुढचं पाऊल टाकलं. नैराश्य असलेल्या ४० जणांची कुठली ना कुठली शस्त्रक्रिया होणारच होती. त्यांना पूर्ण भुलीखाली असताना केटामाईन किंवा सलाईन दिलं. गुंगी, भास, काहीच जाणवायचा प्रश्न नव्हता. दोन्ही गटांत नैराश्य बरंच कमी झालं आणि दोन गटांत फरक दिसला नाही. यावरून 'केटामाईन निरुपयोगी' असं म्हणू नका. ट्रायल छोटी आहे, आणि भुलीच्या औषधांनी केटामाईनचा परिणाम झाकला असण्याचीही शक्यता आहे. पण अपेक्षेचा वाटा किती मोठा असू शकतो ते इथे स्वच्छ दिसतं.

आणि आता वसंत

वर लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आता काढा. समजा एका क्लिनिकने जानेवारीच्या मध्यावर १०० सॅड रुग्णांना केटामाईन सुरू केलं. तीन आठवड्यांत सहा डोस, नंतर महिन्याला एक. एप्रिलमध्ये प्रश्नावली भरून घेतली आणि ८० जण बरे निघाले. हे आकडे काल्पनिक आहेत, पण प्रश्न खरा आहे: यातल्या किती जणांना केटामाईनने बरं केलं?

उत्तर देताच येत नाही. एप्रिलमध्ये सॅडचे रुग्ण बरे होतात, हीच तर त्या आजाराची ओळख. शिवाय माणूस क्लिनिकची पायरी चढतो तो सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुधा थोडा बरा असतोच. स्टॅटिस्टिक्समध्ये तुम्ही जे 'रिग्रेशन टू द मीन' शिकलात, ते हेच.

कंट्रोल ग्रुप इथे काय दाखवतो, त्याचं खरं उदाहरण आहे. ब्युप्रोपिऑन हे औषध सॅड टाळण्यासाठी अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं. त्यामागे तीन ट्रायल होत्या, मिळून हजाराहून अधिक रुग्ण, सगळ्यांना आधी हिवाळी नैराश्य येऊन गेलेलं. औषध शरदातच, लक्षणं सुरू होण्याआधी दिलं. शेवटी औषध गटातले ८४.३ टक्के नैराश्यमुक्त होते. छान वाटतं ना? पण प्लासिबो गटातलेही ७२ टक्के नैराश्यमुक्त होते. औषधाची खरी कमाई ८४ नाही, मधले १२ टक्के आहे. प्लासिबोचा गट नसता तर ८४ चा आकडा जाहिरातीत झळकला असता.

केटामाईनच्या बाबतीत आपण नेमके त्या '८४' वर उभे आहोत. सॅड हेच लक्ष्य ठरवून केटामाईनची मोठी रँडमाइज्ड ट्रायल झालेली नाही. एफडीएने २०१९ मध्ये मंजूर केला तो एस्केटामाईनचा नाकातला स्प्रे, औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी, आणि तोही दवाखान्यात घेऊन पुढे दोन तास देखरेखीखाली बसण्याच्या अटीवर. शिरेतून द्यायचं केटामाईन त्यांनी कुठल्याही मानसिक आजारासाठी मंजूर केलेलं नाही.

जुन्या उपायांना हाच नियम लावू

टीका एकाच बाजूची असेल तर ती टीका नव्हे. सॅडसाठी पहिला उपाय मानला जातो तो प्रकाशोपचार: सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास. ब्लाइंडिंगचा प्रश्न इथेही आहे, कारण डोळ्यांसमोरचा दिवा लपवणार कसा? १९९८ मध्ये ईस्टमन यांच्या गटाने तुलनेला ऋण आयन सोडणारं यंत्र ठेवलं, जे गुपचूप बंद केलेलं होतं. ९६ रुग्णांच्या त्या ट्रायलमध्ये प्रकाशाचा सरसपणा दिसायला तीन आठवडे लागले. २००६ च्या कॅनेडियन ट्रायलमध्ये पुन्हा ९६ रुग्ण, एका गटाला तेजस्वी दिवा आणि खोटी गोळी, दुसऱ्याला मंद दिवा आणि फ्लुओक्सेटिन. दोन्हीकडे ६७ टक्के जणांना फायदा. पण निव्वळ प्लासिबोचा तिसरा गट नसल्याने या ६७ मध्ये निसर्गाचा वाटा किती, ते ही ट्रायल सांगू शकत नाही.

मला सर्वांत आवडलेलं काम केली रोहन यांचं. त्यांनी १७७ रुग्णांवर प्रकाशोपचार आणि कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी यांची तुलना केली. सहा आठवड्यांनी दोन्ही सारखेच. पण त्या तिथे थांबल्या नाहीत, पुढचे दोन हिवाळे मोजत राहिल्या. दुसऱ्या हिवाळ्यात नैराश्य परतलं ते थेरपी गटात २७.३ टक्के जणांत, प्रकाश गटात ४५.६ टक्के जणांत. दरवर्षी परतणाऱ्या आजाराला विचारायचा खरा प्रश्न त्यांनी विचारला: पुढच्या वर्षी काय?

मग केटामाईनला काहीच जागा नाही?

आहे. प्रकाश, गोळ्या, थेरपी सगळं करूनही एखादा रुग्ण खोल गर्तेत असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, तर मार्चची वाट बघ असं त्याला सांगणं क्रूरपणा ठरेल. तिथे मनोविकारतज्ज्ञाने केटामाईनचा विचार करणं समजण्यासारखं आहे. पण तो निर्णय उपचारांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनचा आहे, हिवाळ्याचा नाही. माझा आक्षेप आहे तो एका दिव्याने किंवा काही आठवड्यांच्या थेरपीने सावरू शकणाऱ्या माणसाला, विमा सहसा ज्याचे पैसे देत नाही असा महागडा उपचार पहिल्याच पायरीवर विकण्याला. त्या माणसाचे पैसे जातात ते जातातच, वर एप्रिलमध्ये 'मला केटामाईननेच वाचवलं' असा समज पक्का होतो आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा त्याच दारात उभा राहतो.

तुमच्यासाठी गृहपाठ

हा प्रश्न तुम्हाला सिनॉप्सिसमध्ये मांडायचा असेल तर कसा मांडाल? माझा कच्चा आराखडा असा:

१. शरदातच रुग्णांची नोंद करा. आधीच्या किमान दोन हिवाळ्यांचा इतिहास तपासा.
२. डिसेंबर-जानेवारीत लक्षणं पक्की झाल्यावरच रँडमाइज करा.
३. दोन्ही गटांना प्रकाशोपचार द्या. वरून एका गटाला केटामाईन, दुसऱ्याला मिडाझोलाम.
४. मुख्य मोजमाप फेब्रुवारीच्या आत करा. एप्रिलचा आकडा मुख्य निकाल म्हणून धरू नका.
५. 'तुम्हाला काय दिलं असं वाटतं?' हे प्रत्येक रुग्णाला विचारा आणि उत्तर छापा.
६. पुढचा हिवाळा मोजा.

यातलं एक जरी कलम गाळलं तर निकालाचा कुठला अर्थ हातातून जातो, ते प्रत्येक कलमासमोर एका ओळीत लिहून बघा. मुलाखतीत 'कंट्रोल ग्रुप का हवा?' असं विचारलं तर पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी पडेल.

आणि एक गोष्ट संशोधनाबाहेरची. हे वाचणाऱ्या कुणाला, कुठल्याही ऋतूत, फार जड वाटत असेल तर पुराव्यांची छाननी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. भारतात असाल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केटामाईनच्या वाटेला मात्र स्वतःहून जाऊ नका.